परसातील सुबाभळी

वाईजवळच्या आमच्या गावातील घराच्या परसात तीन सुबाभळी होत्या, आणि त्यांच्यावर कुऱ्हाड चालवण्याचे काहीही कारण नाही, असे वडिलांचे ठाम मत होते. 1980 च्या सुमारास चारा, सरपण आणि झटपट वाढ या गुणांमुळे सुबाभळीचा सर्वत्र बोलबाला असताना ती रोपे त्यांनीच लावली होती. पुढे गोठा रिकामा झाला, चूल गेली; झाडांना मात्र हे कोणी कळवले नाही. उन्हाळ्यात वाळलेल्या शेंगा खुळखुळत आणि पहिल्या पावसानंतर मोरीपासून तुळशीवृंदावनापर्यंत रोपांचे रान माजे, जे उपटता उपटता आईची कंबर धरत असे.

दिवाळीत सगळे जमले तेव्हा विषय निघाला. वडिलांनी शेवटचा उपाय म्हणून 1964 चा वृक्षतोड अधिनियम पुढे केला. भावाने मोबाईलवर तोडीला परवानगी लागणाऱ्या झाडांची यादी काढून मोठ्याने वाचली: साग, आंबा, फणस, चिंच, जांभूळ... सुबाभूळ मात्र तीत नव्हती. वडील उठले आणि कुऱ्हाडीला धार लावायला बसले.

फांद्या दोरखंडाने बांधून शेंड्याकडून उतरवल्या. दोर वहिनीच्या हाती होता, म्हणून एकच फांदी वाळत घातलेल्या चादरीवर पडली. माझ्या हाती असता तर काय झाले असते, हे घरात कोणी बोलले नाही. पाला शेजाऱ्यांच्या शेळ्यांना गेला, तोही ‘चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्याहून अधिक घालू नका, केस गळतात’ या वडिलांच्या ताकिदीसह.

खरे काम बुंध्यांचे होते. सुबाभूळ जमिनीलगत कापली तरी तिला पुन्हा धुमारे फुटतात, म्हणून पहार आणि कुदळ घेऊन आम्ही दोन दिवस खणत होतो. एक मनगटाएवढे मूळ थेट धुण्याच्या दगडाखाली गेले होते. त्याने दगड उजवीकडून उचलला होता आणि आईने डावीकडे विटेचा तुकडा सारून कित्येक वर्षे त्यावरच कपडे धुतले होते. याची तक्रार तिने कधी केल्याचे आम्हांला आठवेना.

मूळ निघाले, दगड सपाट बसला आणि मोरीच्या पाण्यावर अळू व कढीपत्ता लागला. दुसऱ्या दिवशी सकाळी आई धुणे घेऊन बसली, दगड हलवून पाहिला आणि बाजूला टाकलेला विटेचा तुकडा उचलून परत जवळ ठेवला.