आपल्याच प्रवासातली छायाचित्रे एकमेकांत मिसळताना

प्रवासाहून परतल्यावर संगणकावर उतरवलेल्या छायाचित्रांपैकी फारच थोडी स्वतःच्या बळावर उभी राहतात. बाकीच्यांत मोलाचे काही असते, पण ते अपुरे असते. एकात पाण्याचा रंग अगदी हवा तसा आलेला असतो पण घाट काळवंडलेला असतो, दुसऱ्यात घाटाची पायरी न् पायरी स्वच्छ दिसते पण पाणी निर्जीव वाटते. अशी छायाचित्रे पुसून न टाकता त्यांच्यापासून एक नवे चित्र घडवणे, हा माझा अत्यंत आवडीचा उद्योग आहे. त्यात मी एक अट कटाक्षाने पाळते: मिश्रणात येणारे प्रत्येक छायाचित्र मी स्वतः काढलेले असले पाहिजे आणि ते त्याच ठिकाणचे, शक्यतो त्याच प्रवासातले असले पाहिजे. तयार ढग, तयार पक्षी, तयार धुके हे सारे आता सहज मिळते, पण ते वापरले की चित्र देखणे होते आणि माझ्या प्रवासाचे राहत नाही.

सॉफ्टवेअरविषयी थोडक्यात सांगते, कारण माझ्या मते ते दुय्यम आहे. मी गिंप वापरते. ते मोफत आहे आणि १९९५ साली बर्कलेच्या विद्यापीठातील स्पेन्सर किंबॉल व पीटर मॅटिस या दोन विद्यार्थ्यांनी त्याची सुरुवात केली. फोटोशॉप १९९० मध्ये बाजारात आले, पण लेअरची, म्हणजे छायाचित्रे पारदर्शक कागदांसारखी एकावर एक ठेवण्याची, सोय त्यात १९९४ च्या तिसऱ्या आवृत्तीपासून मिळाली, आणि आज आपण ज्याला मिश्रण म्हणतो ते खऱ्या अर्थाने लेअरमुळेच निर्धास्तपणे करता येऊ लागले. लेअरला मास्क जोडला की मास्कचा पांढरा भाग वरचे छायाचित्र दाखवतो, काळा भाग ते झाकतो आणि करडा भाग अर्धवट दाखवतो. मूळ छायाचित्रातला एकही बिंदू त्यामुळे नष्ट होत नाही. हे एवढे हाताला बसले की कोणतेही सॉफ्टवेअर चालते.

खरी गंमत कुठे आहे ते महेश्वरच्या एका चित्रावरून सांगते. आम्हा इंदूरकरांना महेश्वर म्हणजे घरचेच; अहिल्यादेवींचा वाडा, खालचा घाट आणि नर्मदेचे रुंद पात्र लहानपणापासून पाहिलेले. तिथल्या मागावर विणल्या जाणाऱ्या साडीच्या काठावर चटई, वीट, हिरा, लहर अशी नक्षी असते आणि ती किल्ल्याच्या दगडी कोरीवकामावरून उचलली आहे, असे तिथले विणकर सांगतात. एका सकाळी नावेतून घाटाचे छायाचित्र घेतले आणि त्याच दिवशी विणकराच्या परवानगीने मागावरच्या कापडाचे, अगदी वरून, सपाट. पाण्यावर लहरीचा काठ उमटलेला दिसावा, असे मनात होते.

इथे ब्लेंडिंग मोडचा, म्हणजे वरचा लेअर खालच्यात कोणत्या पद्धतीने मिसळावा याचा, प्रश्न येतो. बहुतेक जण यादीतला एकेक मोड लावून पाहतात आणि जो बरा दिसेल तो ठेवतात. माझ्या मते आधी एकच प्रश्न विचारावा: वरच्या छायाचित्रातला कोणता भाग नाहीसा व्हायला हवा आहे? मागावरचे कापड फिकट आणि नक्षी गडद असेल, तर मल्टिप्लाय घ्यावा. त्यात दोन्ही छायाचित्रांतल्या प्रत्येक बिंदूच्या उजळपणाचा गुणाकार होतो. काळा म्हणजे ० आणि पांढरा म्हणजे १ मानला, तर पांढऱ्याने गुणल्यावर खालचा बिंदू होता तसाच राहतो आणि काळ्याने गुणल्यावर काळाच होतो. म्हणून कापडाचा पांढरेपणा विरून जातो आणि नक्षी तेवढी पाण्यावर उरते. उलट कापड गडद निळे किंवा काळे असून त्यावर जरीची नक्षी चमकत असेल, तर स्क्रीन घ्यावा. त्यात काळे नाहीसे होते आणि उजळ तेवढे उरते. मध्यम करडा मध्यम करड्यावर ठेवला की मल्टिप्लायमध्ये ०.५ गुणिले ०.५ म्हणजे ०.२५ इतका काळोख होतो आणि स्क्रीनमध्ये ०.७५ इतका उजेड. त्यामुळे मल्टिप्लाय केल्यावर चित्र एकंदर काळवंडणारच, हे गृहीत धरून खालचे छायाचित्र आधीच थोडे उजळून घ्यावे लागते.

नक्षी पाण्यावर आली तरी ती पाण्याची होत नाही. वरून चिकटवलेल्या कागदासारखी दिसते. याची कारणे दोन. नदीचा पृष्ठभाग आपल्यापासून दूर जात असतो, तेव्हा जवळची लहर रुंद आणि दूरची अरुंद हवी. हे पर्स्पेक्टिव्ह टूलने कापडाचे दूरचे टोक आवळून साधते. दुसरे असे की, पाणी हलते आहे आणि नक्षी मात्र सरळ आहे. त्यासाठी डिस्प्लेस नावाचा फिल्टर आहे. त्याला पाण्याच्याच छायाचित्राची कृष्णधवल आणि किंचित धूसर केलेली प्रत नकाशा म्हणून द्यावी लागते. जिथे पाणी उजळ तिथे नक्षी एका बाजूला सरकते, जिथे गडद तिथे दुसऱ्या बाजूला, आणि नक्षीची रेघ खऱ्या लाटांबरोबर वळू लागते. नकाशा धूसर केला नाही तर पाण्यावरच्या बारीकसारीक चमकेने रेघा फाटतात. शेवटी मास्कवर मऊ ब्रशने काम करावे: नावेखाली, पायऱ्यांजवळच्या उथळ पाण्यात आणि सूर्याच्या थेट प्रतिबिंबावर नक्षी पूर्ण पुसावी. इतके झाल्यावर लेअरची ऑपॅसिटी, म्हणजे अपारदर्शकता, मी धीटपणे खाली आणते. पाहणाऱ्याला आधी पाणी दिसावे आणि नक्षी नंतर, ही माझी आवड. नक्षी आधी दिसली तर ते चित्र जाहिरातीसारखे वाटते.

उजेडाच्या दिशेबाबत मात्र आवडीनिवडीला जागा नाही. महेश्वरचा घाट नर्मदेच्या उत्तर तीरावर आहे. नावेतून घाटाकडे पाहिले की आपण उत्तरेकडे तोंड करून असतो, म्हणून सकाळचा उजेड उजवीकडून येतो आणि संध्याकाळचा डावीकडून. सकाळच्या घाटावर संध्याकाळच्या छायाचित्रातली माणसे आणून बसवली, तर त्यांच्या सावल्या बुरुजांच्या सावल्यांच्या विरुद्ध दिशेला पडतात, आणि कारण सांगता आले नाही तरी बघणाऱ्याच्या डोळ्याला ते खुपते. अशा वेळी एक छायाचित्र आडवे उलटवून घेण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. माणसांच्या बाबतीत तो एखाद्या वेळी खपेल. किल्ल्याच्या बाबतीत कधीही खपणार नाही, कारण ज्याने तो घाट पाहिला आहे त्याला डावी-उजवी बाजू बदललेली तत्काळ कळते. उजेडाइतकेच दाण्याकडेही, म्हणजे छायाचित्रातल्या बारीक ठिपक्यांच्या खरखरीकडेही, पाहावे. आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाला असलेली संवेदनशीलता) ३२०० वर संध्याकाळी घेतलेल्या छायाचित्राचा खरखरीत दाणा आयएसओ १०० च्या नितळ छायाचित्रावर ठेवला की जोड उघडी पडते. मग नितळ भागातच थोडा दाणा मिसळावा लागतो.

उसने आकाश न घेण्याचे कारणही उजेडातच आहे. आकाश बदलण्याची कल्पना नवी नाही. १८५० च्या दशकात वापरात असलेल्या कलोडियन काचा (कलोडियनचा लेप दिलेल्या, फिल्मच्या जागी वापरायच्या काचा) निळ्या प्रकाशाला अति संवेदनशील असत, त्यामुळे जमीन किंवा समुद्र नीट उमटेपर्यंत आकाश पार पांढरे पडून जाई. फ्रान्समधील गुस्ताव्ह ल ग्रे यांनी त्यावर तोड म्हणून समुद्र आणि आकाश यांच्या वेगवेगळ्या काचा एका कागदावर छापल्या, आणि एकच आकाश एकाहून अधिक समुद्रचित्रांत वापरलेही. त्यांची अडचण तंत्राची होती. आपली ती अडचण राहिलेली नाही. आजचा कॅमेरा रॉ फाइलमध्ये, म्हणजे प्रक्रिया न केलेल्या मूळ नोंदीत, १४ बिटमध्ये नोंद करत असेल तर प्रत्येक रंगाच्या १६,३८४ पायऱ्या मिळतात, जेपेगमध्ये केवळ २५६. त्यामुळे कोरे वाटणारे आकाश अनेकदा रॉ फाइलमध्ये मौजूद असते; तीच फाइल एकदा आकाशासाठी आणि एकदा जमिनीसाठी उघडून दोन लेअर केले की त्या जागेचे, त्या घटकेचे आकाश परत मिळते. आणि आकाश खरोखरच कोरे असले तरी काय बिघडते? १८६६ पासून इंदुरात बांधकाम खात्यात नोकरी करणारे आणि तुकोजीराव होळकर दुसरे यांच्या प्रोत्साहनाने छायाचित्रणाकडे वळलेले लाला दीनदयाळ यांची वास्तुचित्रे पाहावीत. त्यांतल्या अनेकांत आकाश जवळजवळ कोरे आहे आणि त्यामुळे इमारतीची बाह्यरेषा किती ठसठशीत उठते! श्रावणातले माळव्याचे आकाश पांढरे असते. ते पांढरेच राहू द्यावे, असे मला मनापासून वाटते.

पावसाळ्यातल्या मांडूचा प्रश्न निराळा. रविवारी जहाज महालासमोर माणसांशिवाय छायाचित्र मिळणे अशक्य. तिथे मी एकाच जागेवरून थोड्या थोड्या वेळाने अनेक छायाचित्रे घेते आणि त्यांचे मध्यक काढते, म्हणजे प्रत्येक बिंदूच्या सगळ्या किमती चढत्या क्रमाने लावून मधली तेवढी ठेवते. नऊ छायाचित्रांपैकी दोनांतच एखादा माणूस त्या जागी उभा असेल तर तो आपोआप गळतो आणि मागची भिंत राहते. संपूर्ण वेळ पायरीवर बसून राहिलेला मात्र गळत नाही. संरक्षित वास्तूंत ट्रायपॉड लावायला परवानगी लागते. ती नसेल तर छायाचित्रे हातात धरून घ्यावीत आणि हगिनसारख्या मोफत सॉफ्टवेअरने आधी एकावर एक जुळवून घ्यावीत. तरीही सगळी माणसे काढून टाकणे मला पटत नाही. एखादे कुटुंब छत्री घेऊन कमानीखाली उभे असेल तर त्याच्या जागी मास्क लावून मी ते राहू देते. महालाची उंची त्या छत्रीवरूनच कळते.

रूपमती मंडपाच्या गच्चीवरून हवा स्वच्छ असताना खाली निमाडात नर्मदेची रेघ दिसते. डोळ्याला ती स्पष्ट जाणवते, पण मोबाइलची रुंद लेन्स दूरचे सगळे बारीक करून टाकत असल्यामुळे छायाचित्रात ती जवळजवळ नाहीशी होते. त्याच कठड्यावरून लांब पल्ल्याच्या लेन्सने नदी टिपायची आणि रुंद छायाचित्रातल्या क्षितिजावर ती थोडी मोठी करून बसवायची, हे मी केले आहे, आणि ते योग्य की अयोग्य यावर पुष्कळ विचारही केला आहे. माझे मत असे की नदी तिथे आहे, तिथूनच दिसते, आणि डोळा तिच्याकडे लक्ष देतो म्हणून ती मोठी जाणवते. तेव्हा चित्र म्हणून हे चालेल. पण ते चित्र पाहून कोणी गच्चीवर गेले तर त्याची फसगत होऊ नये, म्हणून नदी मोठी केली आहे हे खाली लिहिलेच पाहिजे. रूपमती मंडप उचलून जहाज महालाशेजारी ठेवणे मात्र मी कधीही करणार नाही. त्या दोन वास्तूंमध्ये काही किलोमीटरचे अंतर आहे आणि मांडूचा पसारा हाच मांडूचा अनुभव आहे.

ही दक्षता अवाजवी नाही. नॅशनल जिओग्राफिकने फेब्रुवारी १९८२ च्या अंकाच्या उभ्या मुखपृष्ठावर बसावेत म्हणून गिझाचे पिरॅमिड संगणकावर एकमेकांजवळ सरकवले होते, आणि त्या बदलाची चर्चा आजही छायाचित्रणाच्या वर्गांत होते. तिथे वार्तांकनाचे छायाचित्र होते, आपले घरगुती चित्र आहे, हा फरक मला मान्य आहे. पण घरगुती चित्रही व्हॉट्सॲपवर एकदा पुढे गेले की ते चित्र आहे की छायाचित्र, हे सांगणारे कोणी त्याच्यासोबत जात नाही. म्हणून मी खालच्या कोपऱ्यात लहान अक्षरांत ‘मिश्रचित्र’ असे लिहिते. स्पर्धेत द्यायचे असेल तर नियमावली वाचून मिश्रचित्रांचा वेगळा विभाग असेल तरच देते.

छपाईबद्दल एक शेवटची सूचना. पडदा स्वतः उजेड देतो, कागद देत नाही. त्यामुळे मल्टिप्लायने गडद झालेले भाग छापल्यावर आणखी बुडतात आणि लहरीची नक्षी पाण्यात दिसेनाशी होते. छापायला देण्यापूर्वी कर्व्हमध्ये (उजेड-काळोख कमीजास्त करण्याच्या आलेखात) फक्त गडद टोक थोडे उचलावे, पडद्याचा उजेड कमी करून चित्र पुन्हा तपासावे आणि पूर्ण आकाराआधी गडद भागाची एक अरुंद पट्टी त्याच कागदावर छापून घ्यावी. गिंपची एक्ससीएफ फाइल सगळ्या लेअरसह जपून ठेवावी आणि छपाईसाठी वेगळी टिफ करावी. पट्टी पाहिल्यावर बहुतेक वेळा मास्ककडे परत जावे लागतेच.