आजोबांची अर्धी वही

आमचे चुलत आजोबा साठी उलटल्यावर शाहीर झाले, ही गोष्ट घरात कौतुकाने नव्हे, तर खालच्या आवाजात सांगितली जात असे. साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर उसाच्या गाड्या मोजण्यात आयुष्य घालवलेल्या माणसाने म्हातारपणी तुणतुणे हाती घ्यावे, हे चुलत आजींना अखेरपर्यंत पटले नाही. आमच्याच वाळवा तालुक्यातील रेठरे हरणाक्षचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी घरदार सोडून तमाशात गेले आणि पठ्ठे बापूराव झाले, असा दाखला कोणी दिला की त्या म्हणत, "ते तरणेपणी गेले, ह्यांना उतारवयात थेरं सुचली."

गेल्या दिवाळीत माळा झाडताना आजोबांची वही सापडली. 'भरलेले वजन', 'रिकामे वजन' असे छापील रकाने असलेली ती कारखान्याचीच वही होती आणि त्या रकान्यांना न जुमानता तीत भेदिक लावण्या आडव्या लिहिलेल्या होत्या. भेदिक शाहिरीत दोन फड समोरासमोर ठाकतात, तुरेवाले शिवाची बाजू घेतात आणि कलगीवाले शक्तीची; एकाने पुराणातले कोडे डफ-तुणतुण्यावर गाऊन घालायचे आणि दुसऱ्याने ते गाऊनच सोडवायचे, मग त्यात रात्र सरली तरी चालते. आजोबा तुऱ्याचे. वहीत सवाल ४१ होते आणि जबाब एकही नव्हता. पाने फाटली असावीत असे वाटून मी शिलाई तपासली, तर ती शाबूत होती. अर्थात, समोरच्याच्या हाती लागू शकेल अशा वहीत उत्तरे लिहून ठेवण्याइतका हा काटेवाला भोळा नव्हता.

म्हणून मी कृष्णेपलीकडच्या गावी त्यांच्या जुन्या प्रतिस्पर्ध्याकडे, ऐंशी ओलांडलेल्या कलगीवाल्या शाहिरांकडे गेलो. आमच्या घरात कोणालाही ठाऊक नसलेले आजोबा त्यांना पाठ होते. वरच्या पट्टीत आवाज फाटतो म्हणून नेमके तेथे ते झीलकऱ्यांना 'जी जी' लांबवायला लावत आणि तुणतुण्याची खुंटी पिळताना, काट्याकडे पाहावे तसा, एक डोळा मिटत.

"चाळीस सोडवले. एक राहिला, आणि तेवढ्यात तुमचे आजोबा गेले," शाहीर म्हणाले. त्यानंतर त्यांनी जबाब रचून ठेवला होता, परंतु तो गायला समोर फड उरला नव्हता. त्यांनी नातवाकडून डफ मागवला, थरथरत्या आवाजात तो जबाब पूर्ण गायिला आणि मग, मी तुरेवाल्यांच्या घरचा म्हणून, निकालासाठी माझ्याकडे पाहत राहिले.