न दुखणारा दात

"सहा," डॉक्टर म्हणाल्या आणि असिस्टंटनं कागदावर आकडा लिहिला. बारीक खुणांची सळई इम्प्लांटच्या, म्हणजे जबड्याच्या हाडात स्क्रूनं बसवलेल्या कृत्रिम दाताच्या, कडेनं हिरडीत सहा मिलिमीटर उतरली होती. बाहेर आली तेव्हा टोकाला रक्त. आणि मला दुखलंसुद्धा नाही.

तेच दिवसभर डोक्यात घोळतंय. खऱ्या दाताच्या मुळाभोवती तंतूंचं अस्तर असतं. इम्प्लांटला ते नसतं, तो थेट हाडात धरलेला. भोवतालचं हाड झिजत गेलं तरी तो शेवटपर्यंत घट्टच राहू शकतो. एक्स-रेत स्क्रूचे वरचे आटे उघडे दिसले तेव्हा पोटात धस्स झालं.

लगेच ऑपरेशन नको, म्हणाल्या. आधी टायटॅनियमच्या हत्यारानं साचलेला थर खरवडला, मग बारीक पावडरचा फवारा. घरी रोज दातांच्या फटीतला छोटा ब्रश. तीन महिन्यांनी पुन्हा मोजायचं. रक्त आणि खोली कमी झाली नाही, तर मात्र हिरडी उघडावी लागेल.

"गेलेलं हाड परत येईल?" मी विचारलं.

"नुसत्या साफसफाईनं येईल असं नाही सांगणार. आहे ते आधी राखू."

खोटा दिलासा दिला नाही, हे फार बरं वाटलं.

कृत्रिम दाताला कीड लागत नाही, म्हणून मी निर्धास्त होते. पण हिरडी तर आपलीच! नुसती सूज असताना कळलं असतं तर हाड वाचलं असतं.

तुमच्याकडे कुणाला इम्प्लांट आहे का? त्याच्याभोवती शेवटचं कधी मोजलं होतं?