तुम्ही विचारलेत म्हणून : चारशेची लेन्स मी का विकली

‘ताई, तुम्ही चारशेची लेन्स का विकलीत?’ हा प्रश्न मला इतक्या वेळा विचारला गेला आहे की विचारणाऱ्याने आपल्या मनाशी कोणते उत्तर धरले आहे, हे आता त्याच्या आवाजावरून ओळखू येते. बहुतेक पुरुष सहकाऱ्यांना वाटते की मला वजन पेलवेनासे झाले असावे. काहींना वाटते की पैशांची नड असावी. नव्याने या क्षेत्रात आलेल्या मुलांची खात्री असते की आरसा नसलेले नवे मिररलेस कॅमेरे आल्यावर जुन्या माउंटची, म्हणजे जुन्या जोडणीची, लेन्स निरुपयोगी झाली असणार. यातले एकही कारण खरे नाही. ४०० मिमी एफ/२.८ ची (एफचा आकडा जितका लहान, तितका प्रकाश जास्त) ती लेन्स सुमारे ३.८ किलोची होती आणि मोनोपॉडवर, म्हणजे एकाच पायाच्या आधारावर, लावून मी ती चेन्नईच्या उन्हात दिवसभर सांभाळत असे. अडॅप्टर लावल्यावर नव्या बॉडीवरही ती उत्तम चालत होती. विकून पैसे आले हे खरे आहे, पण पैशांसाठी मी ती विकली नाही.

तुम्ही सगळे शर्यती टिपणारे आहात, त्यामुळे पॅनिंग, म्हणजे धावत्या मशिनबरोबर कॅमेरा फिरवणे, कसे करावे किंवा फोकस कोणत्या मोडवर ठेवावा हे सांगण्यात वेळ घालवत नाही. ती लेन्स वाईट होती असा समज मात्र कोणी करून घेऊ नये. इतक्या वेगाने आणि इतक्या खात्रीने फोकस पकडणारी दुसरी लेन्स माझ्या हातात कधी आली नाही. पावसाळी संध्याकाळी, ढग उतरलेले असताना, एफ/५.६ ची झूम घेऊन उभे असलेले लोक आयएसओ, म्हणजे सेन्सरची संवेदनशीलता, वाढवत बसत, तेव्हा माझ्याकडे दोन स्टॉप, म्हणजे चौपट, प्रकाश असे. ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटसारख्या ठिकाणी तर तिला पर्यायच नव्हता. ५.१२५ किलोमीटरचा तो ट्रॅक फॉर्म्युला वनच्या मापाने बांधलेला आहे. तिथली एक सरळ वाट किलोमीटरहून लांब आहे, आणि सुरक्षिततेसाठी सोडलेल्या मोकळ्या पट्ट्या एवढ्या रुंद आहेत की २०११ ते २०१३ या काळातल्या ग्राँ प्री असोत की सप्टेंबर २०२३ मधली मोटारसायकलींची मोटोजीपी, कुंपणापाशी आखूड लेन्स घेऊन उभ्या असलेल्या माणसाच्या चौकटीत गाडीपेक्षा डांबरच जास्त येणार.

पण आपण वर्षभर काम करतो ते बुद्ध सर्किटवर नव्हे. आपले काम चेन्नईजवळच्या इरुंगाट्टुकोट्टैच्या ३.७ किलोमीटरच्या ट्रॅकवर चालते, किंवा कोइम्बतूरच्या कारी स्पीडवेवर, जो जेमतेम २.१ किलोमीटरचा आहे आणि जिथे कित्येक वळणांवर ७०-२०० मिमीची झूम पुरून उरते. शिवाय आपल्याकडचे ऊन आहे. दुपारी तापलेल्या डांबरावरून शंभर मीटर पलीकडे पाहिले की हवा थरथरते, आणि त्या थरथरीत कितीही लाखांची काच लावली तरी हेल्मेटवरची अक्षरे वितळल्यासारखीच दिसतात. पहिल्या सराव फेरीत, सकाळी आठच्या सुमारास, जे दिसते ते दुपारी दोनला त्याच जागेवरून दिसत नाही. लांब पल्ल्याची लेन्स घेतली म्हणजे गाडी जवळ आली, असे ज्यांना वाटते त्यांनी हे ध्यानात घ्यावे की मधली गरम हवाही तिच्याबरोबर तितकीच मोठी होऊन येते.

आता खरे कारण सांगते. आजवर ते टाळले, कारण त्यात एक तरुण रायडर आहे, त्याचे वडील आहेत, आणि कोणाला दोष द्यायची माझी इच्छा नव्हती. ट्रॅकचे नाव सांगणार नाही आणि आयोजकांचेही नाही.

मोटारसायकलींची शर्यत होती. सगळ्यांची मशिने एकाच मॉडेलची, म्हणजे फरक फक्त रायडरचा. आपल्याकडचा एक मुलगा त्या मोसमात उत्तम चालवत होता आणि त्याच्या वडिलांनी संपूर्ण मोसमाचे फोटो काढण्याचे काम मला दिले होते. शेवटच्या फेरीत, लांब सरळ वाटेच्या टोकाला ब्रेकिंग होते त्या वळणाच्या बाहेरच्या अंगाला, टायरच्या भिंतीमागे, मी ४०० ला तिचा पल्ला वाढवणारा १.४ चा टेलिकन्व्हर्टर लावून उभी होते. म्हणजे ५६० मिमी आणि एफ/४. समोरून दोन मशिने थेट माझ्या दिशेने येत होती. पुढच्या रायडरने ब्रेक उशिरा दाबला, त्याचे पुढचे चाक निसटले आणि तो खडीत गेला. आमचा मुलगा आतल्या रेषेने पुढे निघून गेला आणि शर्यतीत तिसरा आला. पडलेल्या मुलाचे कॉलरबोन मोडले होते.

पडण्याच्या आधीची एक फ्रेम फार सुंदर आली होती. दोन हेल्मेट खांद्याला खांदा लावून, दोन्ही रायडरांच्या नजरा एकाच बिंदूवर, दोन्ही मशिनांची नाके खाली दबलेली. पॅडॉकमध्ये, म्हणजे संघांच्या तळावर, परतल्यावर मी ती कॅमेऱ्याच्या पडद्यावर दोघा-तिघांना दाखवली, कारण ती दाखवण्याजोगी होती आणि हा अपघात धक्क्याने झाला असेल असे तोवर कोणीही म्हटले नव्हते. तासाभरात पडलेल्या मुलाच्या संघाने तक्रार नोंदवली की आमच्या मुलाने त्याला धक्का दिला. पुरावा म्हणून त्यांनी माझ्या फोटोचे नाव घेतले.

तक्रारींचा निवाडा करणाऱ्या स्ट्युअर्डांनी मला बोलावले. मी सलग टिपलेल्या फ्रेमांचा पूर्ण बर्स्ट त्यांच्या स्वाधीन केला आणि जमेल तितक्या शांतपणे समजावून सांगितले की ही मशिने एकमेकांना चिकटलेली दिसतात, पण तशी ती आहेत असे या फोटोवरून म्हणता येत नाही. ट्रॅकच्या नकाशावरून मोजले तर पुढचे मशिन माझ्यापासून साधारण १२० मीटरवर होते. मागचे त्याच्या चार मीटर मागे असेल, तर फोटोत ते पुढच्यापेक्षा फक्त तीन टक्क्यांनी लहान दिसेल. तीन टक्के डोळ्याला जाणवत नाहीत. हेच दृश्य मी पंधरा मीटरवरून टिपले असते, तर मागचे मशिन वीस टक्क्यांहून अधिक लहान दिसले असते आणि तक्रार करायचे कोणाच्या मनातही आले नसते. मागचे मशिन पुसट असते तरी अंतराची कल्पना आली असती, पण १२० मीटरवर ५६० मिमी आणि एफ/४ ला सुमारे दहा-अकरा मीटरचा पट्टा स्पष्ट येतो, म्हणून दोन्ही मशिने सारखीच धारदार होती. मी असेही म्हटले की मशिने एकाच मॉडेलची आहेत, तेव्हा पुढच्या भागाची रुंदी पिक्सेलमध्ये मोजा, मधले अंतर त्या फोटोतच सापडेल. लॅपटॉपवर मी मोजूनही दाखवले. प्रत्येक मशिन सहाशेच्या आसपास पिक्सेल रुंद होते आणि मागचे सुमारे वीस पिक्सेलने कमी भरत होते.

त्यांनी ऐकून घेतले, हे मान्य करायला हवे. पण उन्हाच्या थरथरीने कडा दोन्ही बाजूंनी काही पिक्सेल हलत होत्या, दोन मशिनांचा कल नेमका सारखा नव्हता, आणि एकाने विचारले की तुम्हाला मोसमाचे मानधन कोण देते. याला मी काय उत्तर देणार होते? वळणावर सुरक्षेसाठी उभ्या असलेल्या मार्शलने पडताना पाहिले होते, त्याआधीचे नाही. पडलेल्या मशिनवर खडीचे ओरखडे होते आणि आमच्या मुलाच्या मशिनवर जुने. उरला तो फोटो. मुलाला वेळेचा दंड झाला आणि त्याचे पोडियम गेले. त्याचे वडील मला काही बोलले नाहीत. मुलाने एवढेच विचारले की तुम्ही तो फोटो काढलाच नसता, तर चालले नसते का.

त्या निर्णयाला मी आजही चुकीचा मानते. माझे गणित मात्र निर्विवाद होते, असे मी म्हणणार नाही. वीस पिक्सेलांपैकी किती थरथरीचे आणि किती अंतराचे, हे मी शपथेवर सांगू शकत नाही, आणि मी त्या मुलाच्या बाजूची होते हेही खोटे नाही.

तुमच्यापैकी जाणकार आता म्हणतील की मशिने अशी चिकटलेली दिसतात, ती दाटी लेन्समुळे होत नाही, अंतरामुळे होते. त्याच जागेवरून १०० मिमीने काढून मधला तुकडा कापला असता, तरी ती दोन मशिने तितकीच चिकटलेली दिसली असती. बरोबर आहे. सुनावणीच्या आधी कितीतरी वर्षे मीच हे कार्यशाळांमध्ये शिकवत आले आहे, आणि त्या काळच्या मला विचाराल तर ती लेन्स विकणे तर्काला धरून नव्हते असेच ती म्हणेल. तिला माझे एवढेच सांगणे आहे की लेन्स माणसाला जागा नेमून देते. चारशे हातात असली की पावले आपोआप लांब जातात, सरळ वाटेच्या टोकाला, समोरासमोर, जिथून सगळे एकावर एक रचलेले दिसते. १०० मिमी घेऊन तिथे कोणीही उभे राहत नाही. यावर तिच्याकडे उत्तर आहे, ते असे की पावले माझी आहेत, लेन्सची नव्हेत. हा वाद अजून मिटलेला नाही.

विकल्यानंतर मी ७०-२०० एफ/२.८ आणि १००-४०० अशा दोन लेन्स दोन बॉडींवर ठेवते आणि शक्य तितकी वळणाच्या बाजूला, काटकोनात उभी राहते. बाजूने पाहिले की दोन मशिनांमधली मोकळी जागा मोकळीच दिसते. तिथे १/२००० सेकंदाच्या शटरने गोठवण्यात अर्थ नसतो, चाके थांबलेली दिसतात आणि धावते मशिन उभे करून ठेवल्यासारखे वाटते. म्हणून मी १/१२५ पासून सुरुवात करते आणि हात बसला की १/६० पर्यंत उतरते. ताशी १५० किलोमीटरने जाणारे मशिन तेवढ्यात सुमारे ७० सेंटिमीटर पुढे गेलेले असते, म्हणून बहुतेक फ्रेमा टाकाऊ निघतात. भर उन्हात आयएसओ १०० ठेवूनही १/६० साठी अपर्चर एफ/२० च्या पलीकडे मिटावे लागते, मग चित्र मऊ पडते आणि सेन्सरवरचा प्रत्येक धुळीचा कण आकाशात उमटतो. त्यासाठी प्रकाश अडवणारा तीन स्टॉपचा एनडी फिल्टर घ्या. तुम्ही लेन्सवर लाखो रुपये घालता आणि या काही हजारांच्या काचेबद्दल मला आजवर जवळजवळ कोणी विचारलेले नाही, याचा मला खरोखर राग येतो. मोनोपॉड वापरत असाल तर स्थिरीकरणाचा पॅनिंगसाठी असलेला मोडही तपासून घ्या, नाहीतर तुम्ही कॅमेरा ज्या दिशेने फिरवता तीच हालचाल काही लेन्स रोखू पाहतात.

बाजूने काढलेला फोटो खरा आणि समोरून काढलेला खोटा, असे मात्र माझ्या तोंडी घालू नका. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात झाक-आंरी लार्तीग या फ्रेंच तरुणाने ग्राँ प्रीमध्ये एक गाडी कॅमेरा फिरवत टिपली. तिचे चाक लंबगोल होऊन पुढे झुकले आहे आणि मागचे प्रेक्षक उलट बाजूला कलले आहेत, कारण त्याच्या कॅमेऱ्याच्या शटरची फट काचेवरून सरकायला वेळ घेत होती आणि त्याचा हात गाडीपेक्षा हळू फिरला होता. वेगाचे ते चित्र आजही मला अस्वस्थ करते, पण त्यातले चाक कुठल्याही सुनावणीत टिकले नसते. आज सेन्सर ओळीओळीने वाचणाऱ्या कॅमेऱ्याचे इलेक्ट्रॉनिक शटर वापराल, तर तुमचीही चाके आणि खांब अशीच कलतील. कमी किमतीच्या बॉडीवर शर्यतीपुरते यांत्रिक शटरच ठेवा.

इतके सांगूनही एक गोष्ट उरते. तो मुलगा अजून शर्यती चालवतो आणि त्याचे फोटो अजून मीच काढते. त्याला आता प्रायोजक मिळाले आहेत. त्यांची नावे मशिनच्या नाकावर आहेत आणि ती फक्त समोरून वाचता येतात, म्हणून समोरचे फोटो त्याला हवेच असतात, आणि ते तो स्वतः मागतो. त्यासाठी मी पुण्यातून चारशे एफ/२.८ शर्यतीपुरती भाड्याने आणते, सकाळच्या सरावात, डांबर तापण्याआधी, त्याच्या मागे-पुढे कोणी नसताना हवे तेवढे फोटो काढून घेते आणि दुपारी शर्यतीच्या वेळी ती पेटीत ठेवते. भाड्याचा हिशोब केला तर पुन्हा विकत घेणेच स्वस्त पडेल, असे त्याचे वडील म्हणतात. हिशोब त्यांचा बरोबर आहे, आणि मी अजून घेतलेली नाही.