डाळिंबाच्या खोडातली टाचणीएवढी भोकं

ऑक्टोबर २०२० च्या पावसात सांगोल्याकडच्या आमच्या रानात पाणी साचून राहिलं. काळं रान, त्यात भगवा जातीच्या डाळिंबाची बाग. पुढच्या उन्हाळ्यात एकेक झाड पिवळं पडायला लागलं. मी बुरशीनं झाड वाळवणारा 'मर' रोगच धरून बसलो आणि बुडात बुरशीनाशक ओतत राहिलो. दोन महिने गेले, पैसेही.

एकदा ठिबकची नळी सरळ करायला वाकलो, तर खोडाच्या बुडाशी पिठासारखा भुसा. वर टाचणीनं टोचल्यासारखी गोल भोकं. विळ्यानं साल खरवडली, भोकाभोवती लाकूड काळपट. खोड चिरलं तेव्हा आत जेमतेम दोन मिलिमीटरचा भुंगेरा दिसला.

भाचा मिशिगनला असतो. फोटो बघून म्हणाला, "मामा, इकडं ॲशच्या झाडांना असाच भुंगेरा लागतो. खोडात इंजेक्शन देतात, तुम्हीपण द्या." दुकानदारानंही लगेच महागडी बाटली काढली.

ती न घेता खोडाचा तुकडा घट्ट पिशवीत बांधून केगावच्या डाळिंब संशोधन केंद्रात नेला. तिथं उलगडा झाला. ॲशवरचा हिरवा भुंगेरा आशियातून गेलेला, २००२ साली डेट्रॉइटजवळ सापडला. त्याची अळी सालीखालचा थर नागमोडी खात जाते, बाहेर पडतानाचं भोक इंग्रजी डी अक्षरासारखं. झाडात चढलेलं औषध तिच्या पोटात जातं. आपल्या डाळिंबातला भुंगेरा म्हणजे शॉट होल बोरर, तो लाकूड खातच नाही! मादी भोक पाडते, सोबत आणलेली बुरशी आत पेरते आणि अळ्या त्या बुरशीवर जगतात. शेतीच की ती, माझ्यापेक्षा बरी. आत शिरला की औषध त्याला गाठत नाही, अडवायचा तो सालीवरच. त्यात पाण्यानं गुदमरलेली झाडं तो आधी धरतो.

त्रेचाळीस झाडं मुळासकट उपटली. बायको म्हणाली, "सरपणाला ठेवू की." पण सरपणातून भुंगेरे परत बागेतच आले असते. बांधावरच जाळली. उरलेल्यांच्या बुडाला गेरूत कीटकनाशक आणि कॉपर ऑक्सिक्लोराईड हे बुरशीनाशक कालवून पेस्ट लावली, ड्रीपर खोडापासून लांब सरकवले, ओळींमधून चर काढले.

गेरूचा एक फायदा कुणी सांगितला नव्हता. तांबड्या खोडावर पांढरा भुसा लांबूनच दिसतो. परवा नवव्या ओळीत एक झाड सापडलं. संध्याकाळपर्यंत त्याची राख झाली होती.