मळी काढायची गोष्ट

मी नेमकं काय काम करते हे आबांना कळायला अकरा वर्षं लागली. "प्रोटीन शुद्ध करते" म्हटलं की ते मान डोलवायचे आणि गावात कुणी विचारलं की सांगायचे, "पोरगी पुण्यात औषधाच्या कंपनीत हाय." गेल्या पौषात गुऱ्हाळावर आधण चाललं होतं. त्यांच्या हातात भेंडीच्या पाण्याची बादली होती. मी म्हटलं, "आबा, मी तिथं हेच करते."

ते हसले. मला चेष्टा करायची नव्हती.

ज्यांनी गुऱ्हाळ पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. रानभेंडीची खोडं ठेचून पाण्यात भिजत घालतात, मग त्या पाण्याला तार सुटते, बोटाला चिकटून लोंबेल अशी. काहिलीतला रस तापायला लागला की गुळव्या ते पाणी ओततो. उसाच्या रसात मातीचे कण असतात, मेण असतं, उसाची प्रथिनं असतात, आणि सगळं इतकं बारीक की कापडातून गाळलं तरी रसाबरोबर खाली उतरतं. भेंडीच्या पाण्याने ते एकमेकांना धरतं, वर येतं, हिरवट-काळी मळी होते. ती झाऱ्याने काढायची. न काढता गूळ केला तर तो काळा पडतो आणि पाडव्यापर्यंत टिकत नाही, असं आबा म्हणतात.

फ्लॉक्युलेशनबद्दल, म्हणजे बारीक कणांच्या अशा गुठळ्या बांधण्याबद्दल, लिहिणारे बहुतेक लोक तुरटीचं उदाहरण देतात. मला ते अपुरं वाटतं. तुरटीतलं ॲल्युमिनियम मुख्यतः कणांवरचा विद्युतभार मारतं. भेंडीच्या चिकात साखरेच्या रेणूंच्या लांबच लांब साखळ्या असतात. एक साखळी इकडे एका कणाला चिकटते, तिकडे दुसऱ्याला, आणि मध्ये पूल तयार होतो. लांब साखळी म्हणजेच पॉलिमर, आणि माझं काम पॉलिमरचं आहे.

आमच्याकडे काहिलीच्या जागी २,००० लिटरचा बायोरिॲक्टर असतो, म्हणजे पेशी वाढवायची टाकी. त्यात चिनी हॅमस्टरच्या अंडाशयातल्या पेशी वाढतात. थिओडोर पक यांनी १९५७ साली वेगळ्या केलेल्या पेशींचाच हा वंश, आणि आज जगातली बरीचशी अँटिबॉडी औषधं त्याच्यातूनच येतात. चौदाव्या दिवशी हार्वेस्ट, म्हणजे टाकीतला सगळा माल, काढायचा. तोपर्यंत एका मिलिलिटरमध्ये दोनेक कोटी पेशी झालेल्या असतात, त्यातल्या बऱ्याच मेलेल्या, फुटलेल्या. दिसायला ते पिवळसर, गढूळ ताक. आपली अँटिबॉडी त्या ताकात विरघळलेली असते, लिटरमागे पाचेक ग्रॅम. बाकी फुटक्या पेशींची पटलं, डीएनए आणि पेशीची स्वतःची शेकडो प्रथिनं.

पेशी सेंट्रिफ्यूजमध्ये, म्हणजे गरगर फिरवणाऱ्या यंत्रात, खाली बसतात, पण त्यांचे तुकडे बसत नाहीत. पुढे डेप्थ फिल्टर असतो, म्हणजे सेल्युलोजच्या तंतूंचा जाड गादीसारखा थर, त्यात डायटम नावाच्या सूक्ष्म शेवाळाच्या सांगाड्यांची पूड बसवलेली. गाळण छान होतं, पण पेशी जास्त मेल्या असतील तर फिल्टर चोक होतो. रात्रीच्या पाळीत प्रेशरचा काटा चढताना बघणं हा एक स्वतंत्र छळ आहे. अर्धा हार्वेस्ट अजून टाकीत, काटा लाल रेघेजवळ, आणि फोनवर साहेब विचारतात, "किती राहिलंय?"

म्हणून फिल्टरच्या आधीच घाणीच्या गुठळ्या करायला आम्ही कायटोसान आणलं. कोळंबी आणि खेकड्याच्या टरफलात जे कायटिन असतं त्याच्यावर अल्कलीची प्रक्रिया करून ते बनतं. आमचा एक माळकरी सहकारी पहिले दोन दिवस त्या बाटलीला हात लावायला तयार नव्हता. बुरशीपासून केलेलंही मिळतं. पुढे आम्ही तेच घेतलं, पण त्याच्या माळेमुळे नव्हे. औषधात प्राणिज काही आलं की कागदपत्रं दुप्पट होतात.

कायटोसान साध्या पाण्यात विरघळत नाही, आम्ल लागतं. एक टक्का ॲसेटिक ॲसिडमध्ये ते रात्रभर ढवळत ठेवायचं. सकाळी लॅबचं दार उघडलं की शिरक्याचा भपकारा येतो. विरघळलेल्या साखळीवर ठिकठिकाणी धनभार असतो. पेशींच्या पटलांवर आणि डीएनएवर ऋणभार असतो, डीएनएवर तर फॉस्फेटमुळे भरपूर. दोघं एकमेकांना ओढतात आणि गुठळ्या होतात. काहिलीत मळी वर येते, आमची खाली बसते, दृश्य फरक एवढाच. आत मात्र दुसराही फरक आहे. भेंडीच्या चिकावरचा भार कायटोसानच्या उलटा, ऋण असतो. म्हणजे तिथलं गणित आणखी वेगळं आहे आणि ते आबांना कुणी शिकवलेलं नाही.

डोस ठरवायला सहा बीकर घेतले. पहिल्यात काहीच नाही, मग ०.०१ टक्क्यापासून ०.०५ पर्यंत चढता. कायटोसान सावकाश ओतायचं, आधी मिनिटभर जोरात ढवळायचं, मग अर्धा तास हळू. हळू नाही ढवळलं तर गुठळ्या बांधल्या जातात तशाच फुटतात. तिसऱ्या बीकरमध्ये पोह्याएवढे गोळे खाली बसले आणि वर नितळ पाणी. चौथा जवळपास तसाच. सहावा पुन्हा गढूळ! कायटोसान जास्त झालं की कणाचं सगळं अंग त्याने झाकलं जातं, ऋणाच्या जागी धनभार येतो, आणि कण आता धनभारामुळे एकमेकांना ढकलायला लागतात. नवीन आलेल्या पोरांना हे पटत नाही. त्यांना वाटतं, बसलं नाही म्हणजे अजून घाला.

आबांना विचारलं, "भेंडी किती घालायची हे कसं कळतं?" म्हणाले, "रस बघून." मग थोडं थांबून, "औंदाचा ऊस बघून." आमच्या भाषेत याला दर बॅचचा डोस म्हणतात, आणि तो ठरवायला आम्हाला गढूळपणा मोजणारा टर्बिडिटी मीटर, पाच पानांचा प्रोटोकॉल आणि दोन सह्या लागतात.

अँटिबॉडीवर हे सगळं सुंदर चाललं. आमचा पीएच, म्हणजे आम्लतेचं माप, साधारण सहा. बहुतेक अँटिबॉडींचा भार आठ-नऊच्या आसपास शून्य होतो, म्हणजे सहाला त्या स्वतःच धनभारित. त्यामुळे कायटोसान त्यांना शिवत नाही, नुसती घाण धरतं. फिल्टरवर दुप्पट माल गाळला जायचा. डीएनए इतका उतरायचा की पुढे प्रोटीन ए कॉलमला, म्हणजे अँटिबॉडी तेवढी पकडून ठेवणाऱ्या नळकांड्याला, चैन पडायचं. औषधाच्या एका डोसमध्ये पेशीचा डीएनए १० नॅनोग्रॅमच्या आत ठेवायचा असा जो जागतिक आरोग्य संघटनेचा दंडक आहे, त्याला आम्ही पहिल्या पायरीपासूनच लागायचो. उरलेलं कायटोसान कॉलममधून वाहून जायचं, ते गेल्याचा पुरावा मात्र दर बॅचला द्यावा लागायचा.

मग दुसरं उत्पादन आलं, एक फ्यूजन प्रोटीन, म्हणजे दोन प्रोटीनं जोडून केलेलं एक. त्याच्यावर सियालिक ॲसिड ही आम्लधर्मी साखर भरपूर, म्हणजे प्रोटीनही आम्लधर्मी. मी तोच डोस, तोच पीएच घेतला. बीकर बसला आणि मी फोटो काढला. इतकं नितळ पाणी आजवर आलं नव्हतं. मॅनेजरना पाठवला, त्यांनी अंगठा पाठवला. संध्याकाळी एचपीएलसीचा, म्हणजे द्रावणात प्रोटीन किती ते मोजणाऱ्या यंत्राचा, निकाल आला तेव्हा एक तृतीयांशाहून जास्त माल गायब होता. पाणी नितळ कशाने झालं ते तेव्हा कळलं. सहाच्या पीएचला ते प्रोटीन ऋणभारित असतं. कायटोसानने त्याला डीएनएच्या बरोबरीने पकडून खाली नेलं होतं. मी मळीबरोबर गूळही काढून टाकत होते. हे आधी कागदावर मांडलं असतं तर दोन ओळींत दिसलं असतं. मांडलं नाही, कारण बीकरात छान दिसत होतं.

मीठ घालून पाहिलं. मिठाने भाराची पकड सैल होते, प्रोटीन थोडं सुटलं, पण त्याबरोबर घाणही सुटली. पीएच खाली नेला तर प्रोटीन स्वतःच बसायला लागलं. तीन आठवडे गेले. शेवटी त्या उत्पादनापुरतं कायटोसान सोडलं, सेंट्रिफ्यूज आणि डेप्थ फिल्टर एवढंच ठेवलं, फक्त फिल्टरचं क्षेत्रफळ वाढवलं.

होळीला घरी गेले तेव्हा आबांनी आठवणीने विचारलं, "मग त्या दुसऱ्या औषधाची मळी आता कशी काढता?"

"काढत नाही. गाळण्या वाढवल्या."

"म्हंजे खर्च वाढला की गं."

खरेदी विभागातला माणूस महिनाभर माझ्याशी याच सुरात बोलतो आहे.