तुम्ही विचारलंत म्हणून: एक्सेल असताना भिंतीवर चित्र कशाला?

वडोदऱ्याच्या मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, कुठल्याही नव्या युनिटमध्ये गेलो की पहिल्या तासाभरात हे ऐकतोच, "साहेब, एक्सेलमध्ये सगळं आहे की, मग हा ब्राऊन पेपर कशाला?" (कोणाचं काम पुढे कोणाकडे जातं त्याचं चित्र भिंतीवर काढायला मी तो लावतो.) परवा दांडिया बाजारात आतेभावाने पण तेच विचारलं, म्हणून आज नीट लिहितोच.

एक्सेलमध्ये कामं दिसतात, पण कोणतं काम कोणासाठी अडलंय ते दिसत नाही, आणि प्रोजेक्ट लटकतो तो तिथेच.

विजेचे कंट्रोल पॅनल बनवणाऱ्या एका युनिटमध्ये दर ऑर्डर दोन-तीन आठवडे लेट व्हायची, मालकांना वाटायचं फॅब्रिकेशन स्लो आहे. भिंतीवर कागद लावला, आडवे पट्टे आखले, वर कस्टमर, खाली सेल्स, डिझाइन, परचेस, स्टोअर, शॉप (जिथे पॅनल प्रत्यक्ष बनतं), टेस्टिंग, आणि ज्याचं काम त्यानेच चिठ्ठी लावायची, मी हात लावणार नाही. डिझाइनच्या ताईंनी ड्रॉइंग अप्रूव्हलला पाठवल्याचा बाण वर कस्टमरपर्यंत नेला. मी विचारलं, परत कोणाकडे येतं? सेल्सवाला म्हणाला डिझाइनकडे, ताई म्हणाल्या छे, मेल तर तुम्हाला येतो. बाण वरच राहिला, खाली यायला रस्ताच नाही! तेवढ्यात इतका वेळ गप्प बसलेले स्टोअरचे काका उठले, म्हणाले सिंगल लाइन डायग्रॅम (विजेच्या जोडणीचा एका रेषेतला आराखडा) तर आधीच पास होतो ना, ब्रेकर, म्हणजे वीज तोडणारा स्विच, कुठला ते त्यातच ठरतं, मग मापाच्या ड्रॉइंगसाठी ब्रेकरची ऑर्डर का थांबवता? आणि लाल पेनाने डिझाइनपासून थेट परचेसपर्यंत बाण ओढला. ब्रेकर यायलाच सगळ्यात जास्त दिवस लागायचे हो, शॉप बिचारं त्यांचीच वाट बघत बसायचं.

कामांची सगळ्यात लांब साखळी शोधा, तिथे वाचलेला दिवसच खरा वाचतो, ही क्रिटिकल पाथची पद्धत ड्यूपाँट कंपनीत 1957 च्या सुमारास बसवली गेली. काकांनी हे नाव कधी ऐकलेलं नव्हतं, पण साखळी समोर दिसली आणि बोट बरोबर तिथेच गेलं. म्हणून म्हणतो, चित्र केबिनमध्ये एकट्याने काढू नका. सॉफ्टवेअरमध्ये मागाहून चढवा, आधी सगळ्यांना भिंतीपाशी उभं करा.

आणि सगळंच त्यात कोंबू नका. लंडनच्या मेट्रोचा तो प्रसिद्ध नकाशा हॅरी बेकने 1931 मध्ये काढला, त्याने खरी अंतरं सरळ सोडून दिली, कारण प्रवाशाला गाडी कुठे बदलायची एवढंच हवं असतं. बेक स्वतः ड्राफ्ट्समन, विजेच्या सर्किटची ड्रॉइंग काढणारा, त्यामुळे आपल्या पॅनलवाल्यांना हे सांगितलं की लगेच पटतं.

आतेभाऊ दुसरं दुकान काढतोय. त्याला सांगितलंय, रविवारी ये, कागद माझ्याकडे आहे, पण येताना माल उतरवून घेणाऱ्या त्या पोराला बरोबर घेऊन ये.